लगाम धरण्याआधी सोडायला शिका

चेन्नईतल्या अड्यारहून चालत निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत बेसंटनगरचा समुद्रकिनारा येतो. संध्याकाळी कार्ल श्मिट स्मारकाच्या आसपास घोडी मुलांना पाठीवर घेऊन वाळूत फेऱ्या मारतात. मी इथे राहायला आले त्या पहिल्या महिन्यात माझं लक्ष गेलं ते एका कुमैत घोडीच्या ओठांकडे. लगामाची कडी जिथून तोंडाबाहेर येते, त्या कोपऱ्यात कातडी पांढरट, जाड आणि बिनकेसांची झाली होती. जखमेवर जखम होत राहिली की असा घट्टा पडतो. तिचा मालक काही दुष्ट माणूस नव्हता. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो तिला हाताने गवत भरवत होता, तिच्या कपाळावरची वाळू झटकत होता. फक्त थांबवायची वेळ आली की लगाम हिसकत होता. त्याला कुणी तरी तसंच शिकवलं असणार.

सुट्टीत मुलांना रायडिंगच्या वर्गाला घालणारे आईवडील, चाळिशीनंतर स्वतः हा छंद धरलेली माणसं, सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेने घोडा घेऊन आलेली मंडळी, माथेरानला तासाभरासाठी घोड्यावर बसणारे प्रवासी, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. लगाम, चाबूक, टाच, दोर ही साधनं वाईट नाहीत. घोड्याशी बोलायला आपल्याकडे त्यांच्याइतकं थेट दुसरं काही नाही. पण ती कशी वापरायची हे आपण फार उशिरा शिकतो, आणि तोवरची किंमत घोडा मोजत असतो.

सुरुवात तोंडातल्या लोखंडापासून करू. जुन्या मराठीत त्याला कडियाळं म्हणत. इथे तमिळमध्ये लगामाला कडिवाळम् म्हणतात. दोन भाषांमध्ये इतका जवळचा शब्द सापडला तेव्हा मला फार आनंद झाला होता. हे कडियाळं नेमकं कुठे टेकतं ते एकदा स्वतः पाहा. घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये तीन-चार बोटं रुंद मोकळी जागा असते. तिथे दात नसतात, हाडाची धार असते आणि तिच्यावर हिरडीचं पातळ आवरण. नडगीवर टेबलाचा कोपरा लागला की आपल्याला काय होतं ते आठवा. साधारण तसंच हाड, तसंच पातळ कातडं. कडीचा काही भार जिभेवर येतो, काही या धारेवर आणि काही ओठांच्या कोपऱ्यांवर. हात जरा कडक झाला की भार या तिन्ही ठिकाणी वाढतो.

म्हणून घोड्यावर बसण्याआधी घरी एक गोष्ट करून पाहा. लगामाच्या वाद्या घ्या, नाही तर साधी ओढणी चालेल. एकाने तिची दोन टोकं दोन्ही मुठींत धरून डोळे मिटायचे, हा घोडा. दुसऱ्याने मागे उभं राहून मधला भाग हातात घ्यायचा, हा स्वार. आता स्वाराने फक्त एका हाताची करंगळी मिटायची. घोडा झालेल्या माणसाला ते लगेच कळतं, कुठली करंगळी तेही कळतं. मग स्वाराने एकदम हिसका द्यावा. पुढच्या माणसाचे खांदे वर जातात, मान आखडते, आणि नंतर बराच वेळ त्याच्या मुठी सैल होत नाहीत. मुलांना मी हे पहिल्याच दिवशी करायला लावते. हात हलका ठेव असं शंभरदा सांगण्यापेक्षा एकदा डोळे मिटून घोडा झाल्याचा उपयोग जास्त होतो.

घोड्याला किती बारीक कळतं याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बर्लिनमधलं आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा एक घोडा खुराने टापा मारून गणितं सोडवायचा. ओस्कार फुंग्स्ट या अभ्यासकाने त्याची कसून तपासणी करून १९०७ मध्ये उलगडा केला. हान्सला गणित येत नव्हतं. टापांची संख्या बरोबर उत्तरापाशी पोचली की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि ते पाहून हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाही आपण हललो हे ठाऊक नसायचं. अंगावर माशी बसली तरी नेमकी तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवणारं हे जनावर. त्याला टाचेचा दणका देऊन सांगावं लागत असेल, तर आपण आधी हळू सांगितलंच नाही किंवा तो ऐकत होता तेव्हा आपण थांबलो नाही.

हे थांबणंच सगळ्यात महत्त्वाचं. दाब पडल्याने घोडा शिकत नाही. दाब ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी आपण जे करत होतो तेच बरोबर, असं तो शिकतो. समजा, तुम्हाला घोडा थांबवायचा आहे. आधी स्वतः श्वास सोडून खोगिरात जड बसा. मग बोटं मिटा. हात मागे ओढू नका, नुसती बोटं मिटा, ओला स्पंज हलकेच दाबल्यासारखी. दोन पावलं वाट पाहा. चाल मंदावली नाही तर दाब थोडा वाढवा आणि तेवढाच धरून ठेवा. घोड्याने चाल मंद केली, अगदी पूर्ण थांबला नाही तरी, त्याच पावलाला बोटं उघडा. एका सेकंदाच्या आत. तीन सेकंदांनी सोडलंत, तर त्या तीन सेकंदांत त्याने डोकं वर फेकलेलं असतं, आणि डोकं फेकलं की सुटका होते हा धडा तो मनाशी पक्का करतो. पुढे लोक म्हणतात, हा घोडा डोकं मारतो. डोकं मारायला त्याला आपणच शिकवलेलं असतं.

चालताना हात कसा असावा यासाठी मला पाळण्याच्या दोरीइतकं चांगलं उदाहरण माहीत नाही. बाळाला झोप लागत आली की आई दोरी ओढत नाही. पाळणा जाईल तिकडे हात जाऊ देते, दोरी सैलही लोंबत नाही आणि ताठही होत नाही. घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला त्याची मान पुढेमागे होते. तुमची कोपरं तिच्याबरोबर उघडमीट व्हायला हवीत. दुडकी चाल सुरू झाली की मान जवळजवळ स्थिर राहते, म्हणून हातही स्थिर. आणि चौखूर दौडीत मान पुन्हा हलते, हातांनी पुन्हा तिच्यामागे जायचं. नवशिके नेमकं याच्या उलट करतात: चालताना हात दगडासारखे, आणि दुडकीत अंग उसळलं की हातही उसळतात. तोल सावरायला लगामाला लोंबकळण्यापेक्षा आयाळ मुठीत धरा. खोगिराच्या पुढे गळ्यातून एक जुना पट्टा बांधून तो धरा. आयाळ धरण्यात कमीपणा काहीच नाही. सुरुवातीचे तीन महिने मुलांच्या हातात लगाम न देता, शिक्षकाने दोर धरून त्यांना नुसतं बसायला शिकवलं, तर घोड्याचं तोंड आणि मुलाचा तोल दोन्ही वाचतात. शिकवणी निवडताना हा प्रश्न जरूर विचारा.

आणि एकाच वेळी टाच आणि लगाम दोन्ही कधीच नको. चल आणि थांब एका श्वासात सांगितलं, तर घोड्याला सुटकेची कुठलीच वाट उरत नाही. काही घोडी मग उधळतात. काही आतून विझून जातात, आणि अशा विझलेल्या घोड्याला लोक शांत, मुलांसाठी चांगला म्हणतात. त्याचे कान पाहा. ते आवाजाकडे वळत नसतील, डोळा एकाच जागी अडकलेला असेल, तर ती शांतता नव्हे.

आता चाबूक. घोडा तयार करणाऱ्या माणसाला मराठीत शब्दच आहे चाबूकस्वार. चाबूक हातात असणं हीच त्याची ओळख. पण चांगला चाबूकस्वार चाबकाने मारत नाही, दाखवतो. लांब चाबूक म्हणजे आपला हात चार-पाच हात लांब झाला असं समजा. घोडा गोल फिरत असताना त्याचं टोक खांद्याकडे रोखलं की घोडा आतल्या बाजूला येत नाही. मागच्या पायाच्या घोट्याकडे खाली नेलं की पाऊल पुढे टाकतो. हवेत फटाके उडवायची गरज नसते. नवीन घोड्याशी ओळख करताना मी बंद चाबूक त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून, पोटाखालून हलकेच फिरवते, जणू खरारा करते आहे. तो स्थिर राहिला की चाबूक बाजूला घेते. जो घोडा चाबूक दिसताच डोळ्यांची पांढरी कडा दाखवतो, त्याच्यावर कुणी तरी राग काढलेला असतो. त्याच्याशी हेच काम पंधरा दिवस, रोज पाच मिनिटं करावं लागतं.

स्वार होताना आखूड छडी घ्यायची ती पायाच्या सूचनेला जोड म्हणून. आधी पोटरीने हलकं सांगा. उत्तर आलं नाही तर पायाच्या मागेच छडीने टकटक करा, हलकी, सारख्या लयीची, आणि पहिलं पाऊल पुढे पडताच थांबा. डोक्यावर, पोटावर, कुशीत छडी कधीच नाही. घोडा बुजला म्हणून तर मुळीच नाही. एक भीती होती, तिथे तुम्ही दुसरी घातलीत. आणि तुम्हाला राग आला असेल, तर त्या क्षणी छडी जमिनीवर टाका आणि उतरा. ज्यांच्याकडून मी शिकले त्यांचा हा एकच कडक नियम होता.

टाचेला लावायच्या आरेबद्दल थोडक्यात. रिकिबीतून पाय काढून दुडकी चालीत तुमच्या पोटऱ्या स्थिर राहतात का? राहत नसतील तर आर लावू नका. राहत असतील तर बोथट, गोल टोकाची लावा, आणि बहुतेक वेळा तिची गरजच पडणार नाही.

घोड्याला दोरावर गोल फिरवण्याला आपल्या भाषेत कावा म्हणत, आणि गनिमी काव्यात हाच शब्द आपण रोज उच्चारतो. हे काम बाहेरून सोपं दिसतं, पण घोड्याच्या सांध्यांसाठी ते जड असतं. वर्तुळ पंधरा-वीस मीटर व्यासाचं ठेवा. दोन्ही बाजूंना सारखा वेळ, मिळून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. दोर लगामाच्या कडीला थेट बांधू नका, म्होरकीला बांधा. हातमोजे घाला. आणि दोर हाताला गुंडाळू नका. आठाच्या आकड्यासारख्या घड्या करून तळहातावर ठेवा, म्हणजे ओढ बसली तर घड्या एकेक सुटत जातात. हे मी अंगावर घेऊन शिकले आहे. चेन्नईजवळच्या एका तबेल्यात मी एका तरुण घोड्याला फिरवत होते. उन्हात बोटं घामेजत होती म्हणून मोजे काढले आणि दोराचा एक वेढा मनगटाभोवती घेतला. नारळाची वाळलेली झावळी कुंपणाच्या पत्र्यावर धाडकन पडली आणि घोडा उधळला. तीन-चार पावलं मी वाळूत ओढली गेले. वेढा सुटला म्हणून मनगट वाचलं. तळहाताची साल निघाली, तिचा वण अजून आहे. घोड्याची चूक काहीच नव्हती. झावळी पडल्यावर पळायचं नाही हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्याला शिकवायचं काम माझं होतं.

अड्यारमध्ये बसून हे लिहिताना नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या आठवणीपाशी थांबावंसं वाटतं. १९३६ मध्ये याच अड्यारमध्ये त्यांनी कलाक्षेत्र सुरू केलं. १९५२ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली, आणि तिथे त्यांनी प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा आला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं तेव्हा पहिल्या अध्यक्षाही त्याच होत्या. नृत्य शिकवणारी बाई जनावरांच्या कायद्याकडे कशी वळली असं कुणी विचारलं, तर मला झेनोफन आठवतो. सुमारे २४०० वर्षांपूर्वी या ग्रीक लेखकाने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं, आणि जबरदस्तीने घोड्याकडून काम करून घेणं हे नर्तकाला फटके मारून नाचवण्यासारखंच आहे, असं त्यात सुचवलं. दोन्हींत समज नसते आणि दोन्हींत सौंदर्य येत नाही.

१९६० च्या त्या कायद्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांतले तीन प्रत्येकाला पाठ हवेत. काटे, गाठी किंवा टोकं असलेली कडी, जिने जखम किंवा तीव्र वेदना होईल, ती वापरायला बंदी आहे, स्वारीसाठीसुद्धा. खोगिराची कमान मानेमागच्या उंचवट्यावर थेट टेकता कामा नये, मध्ये मोकळी जागा हवी. आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावरावर ओझं लादायचं नाही की गाडीला जुंपायचं नाही. दुर्दैवाने मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार? तेव्हा आपली नजरच तयार हवी.

ती नजर अशी तयार करा. घोड्यावर बसण्याआधी त्याच्या खांद्याच्या बाजूने जवळ जा. बरोबर नाकासमोर आणि बरोबर शेपटीमागे त्याला दिसत नाही, तिथून एकदम पुढे होऊ नका. हलक्या आवाजात बोला. ओठांचे कोपरे पाहा: चिरलेत का, सुजलेत का, घट्टा पडला आहे का. खोगीर चढवलेलं असेल तर मानेमागे हात घालून पाहा. तंगाच्या पट्ट्याखाली बोटं फिरवा. समुद्रकिनाऱ्यावर तिथे वाळू आणि खारा घाम साचतो आणि दोन दिवसांत कातडी सोलवटते. नाकावरून जाणारी पट्टी असेल तर तिच्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, आणि ती गालाकडे नाही, नाकाच्या हाडावर घालून पाहायची. गालाकडची जागा मऊ असते, तिथे बोटं नेहमीच जातात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानेही २०२५ पासून स्पर्धांमध्ये ही जागा ठरावीक मापाच्या साधनाने तपासायला सुरुवात केली आहे. घोडा तोंड उघडतो म्हणून ती पट्टी आवळून तोंड बंद करणारे पुष्कळ दिसतात. तोंड उघडून तो काही सांगत असतो. बहुतेक वेळा दाढांच्या बाहेरच्या कडांना धार आलेली असते आणि ती गालाला कापते. वर्षातून किमान एकदा पशुवैद्याकडून दाढा तपासून घासून घ्याव्या लागतात. दाढ ठीक असेल तर कडीचं माप पाहा. तेही ठीक असेल तर स्वतःचे हात.

कडी निवडताना गुळगुळीत, जरा जाड आणि साध्या सांध्याची घ्या. पिळाच्या तारेची नको. बाजूला लांब दांड्या असलेली कडी तर नवशिक्याच्या हातात देऊच नये. ती तरफेसारखी चालते आणि हातातली ओढ तोंडात कित्येक पटींनी पोचवते.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात घोडा घ्यायला गेलात, तर विकणारा आधी घोडा नाचवून दाखवेल. ढोलकी वाजेल, गर्दी जमेल. पाहा, कौतुकही करा. मग लगाम काढून फक्त म्होरकीवर चालवून दाखवा म्हणून सांगा. तोंड उघडून जीभ आणि दोन्ही हिरड्या पाहा. जुन्या चिरा तिथे लपत नाहीत. नुसता हात वर करा. घोड्याने डोकं झटकून मागे घेतलं, तर त्याला नाचायला कसं शिकवलं ते तुम्हाला कळेल. असा घोडा घेऊच नये असं मी म्हणणार नाही. पण मग पहिलं वर्ष त्याला काही शिकवायचं नाही, विसरायला मदत करायची, हे आधीच कबूल करून घ्या.

भाड्याच्या घोड्यावर मुलाला बसवताना मालकाशी भांडू नका. त्याचं पोट त्या जनावरावर आहे. बेसंटनगरला त्या कुमैत घोडीच्या मालकाला मी अण्णा म्हणूनच हाक मारली. पहिल्या दिवशी फक्त घोडीचं नाव विचारलं. चौथ्या दिवशी, लगाम हिसकण्याऐवजी दोन पावलं आधी सांगून पाहा म्हटलं आणि एकदा करून दाखवलं. इथला शब्द आहे मेदुवा, म्हणजे हळू. त्याने दोनदा करून पाहिलं, घोडी दोनदा थांबली. पुढच्या महिन्यात मी एक गुळगुळीत कडी विकत घेऊन त्याला दिली आणि जुनी मागून घेतली. जुन्या कडीवर आतल्या बाजूने गंजून खडबडीत झालेल्या दोन कडा होत्या. त्याने त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. रात्री अंधारात तो लगाम काढायचा आणि संध्याकाळी घाईत चढवायचा. घट्टा अजून आहे, तो राहीलच. पण फेरीच्या शेवटी ती घोडी आता डोकं खाली सोडून उभी राहते. घोड्याला खरीच इजा होत असेल आणि मालक ऐकत नसेल, तर चेन्नईत ब्लू क्रॉस ऑफ इंडियाला कळवता येतं. तुमच्या गावी पशुवैद्यकीय दवाखान्यापासून सुरुवात करा.

काम संपलं की उतरून आधी तंग सैल करा, मग रिकिबी वर चढवा. खोगिराखालचं कापड उन्हात पूर्ण वाळवा. चेन्नईच्या दमट हवेत ओलं कापड दुसऱ्या दिवशी तसंच घातलं की पाठीवर फोड येतात. कातडी वाद्या ओल्या फडक्याने पुसून तेल लावा, घामातल्या मिठाने त्या कडक होतात आणि कडक वादीतून हाताचा हलकेपणा पोचत नाही. कडी गोड्या पाण्याने धुवा आणि आतल्या कडांवरून अंगठा फिरवा. मग ती सावलीत टांगा. खुंटीवर उन्हात राहिलेलं लोखंड एप्रिल-मे महिन्यात किती तापतं हे आपल्याला कळत नाही, कारण आपण वादी धरतो, लोखंड घोड्याच्या जिभेवर जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी तोंडात घालण्याआधी, बाळाच्या दुधाचा थेंब मनगटावर टाकून पाहतो तशी, कडी मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहा. चटका बसला तर पाण्यात बुडवा आणि पुन्हा मनगटाला लावा.